अ‍ॅलर्जीची गोळी, उलटीची गोळी, नैराश्याची गोळी : हिस्टामीन आणि सेरोटोनिन नेमकं काय करतात?

त्रिदल (धागाकर्ता)

नैराश्यावरच्या धाग्यांत "सेरोटोनिन वाढवायला काय करावं" आणि अ‍ॅलर्जीच्या धाग्यांत "शरीरातलं हिस्टामीन कमी कसं करावं" हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. दोन्हींमागे गृहीतक एकच. या रेणूंची सगळ्या शरीरात मिळून एक पातळी असते आणि ती वरखाली केली की काम झालं, असं मानलं जातं. तसं नाही. हे रेणू जिथे सुटतात तिथेच, अगदी लहान टापूत, काही मिलिसेकंद ते काही मिनिटं काम करतात. मग ते मोडले जातात किंवा पेशी त्यांना परत ओढून घेतात. परिणाम काय होणार हे त्या जागेवरच्या पेशीवर कोणता रिसेप्टर (रेणू चिकटला की पेशीला संदेश देणारं प्रथिन) आहे यावर ठरतं. रेणू तोच, पण त्वचेत खाज, जठरात आम्ल आणि मेंदूत जाग. हे एकदा पक्कं झालं की औषधांच्या बऱ्याच कोड्यांची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून हा वेगळा धागा.

आधी हिस्टामीन. हिस्टिडीन या अमिनो आम्लातून हिस्टिडीन डिकार्बॉक्सिलेझ हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइड काढून घेतं आणि हिस्टामीन तयार होतं. या एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप लागतं. साठा मुख्यतः चार ठिकाणी असतो: त्वचा, श्वासमार्ग आणि आतड्यातल्या मास्ट पेशी (प्रतिकारसंस्थेच्या पेशी), रक्तातल्या बेसोफिल पेशी, जठरातल्या ईसीएल पेशी आणि मेंदूत हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातला चेतापेशींचा एक छोटा पुंजका. शरीरावरचे त्याचे परिणाम हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० च्या सुमारास तपासले. रिसेप्टर एकाहून अधिक प्रकारचे आहेत हे पटायला मात्र पुढची कैक वर्षं जावी लागली.

मास्ट पेशीत हिस्टामीन हेपारिनला चिकटून कणिकांमध्ये भरलेलं असतं. पेशीच्या पृष्ठभागावर आयजीई अँटिबॉडी बसलेल्या असतात. परागकणातलं किंवा मधमाशीच्या विषातलं एखादं प्रथिन शेजारच्या दोन अँटिबॉडींना एकदम चिकटलं की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, कणिका पडद्याशी येऊन उघडतात आणि मिनिटाभरात हिस्टामीन बाहेर पडतं. हा झाला तयार माल. तीच पेशी लगोलग पडद्यातल्या मेदापासून ल्यूकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन बनवायला घेते आणि काही तासांनी सायटोकाइन सोडते. त्यामुळे अ‍ॅलर्जीची पहिली लाट लगेच येते आणि दुसरी साधारण चार ते आठ तासांनी. दुसऱ्या लाटेत हिस्टामीनचा वाटा थोडा असतो. चोंदलेल्या नाकाला गोळीपेक्षा स्टिरॉइडचा फवारा जास्त उपयोगी पडतो, त्याचं हे मोठं कारण.

रिसेप्टर चार. एच-१ रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, श्वासनलिकेच्या स्नायूंवर, खाजेच्या चेतातंतूंवर आणि मेंदूत असतो. अस्तराच्या पेशी आकसल्या की मधल्या फटींतून पाणी आणि प्रथिनं झिरपतात आणि त्वचेवर गांधी उठते. थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात वर्णन केलेले तीन टप्पे आजही त्वचेवर जसेच्या तसे दिसतात: ओरखड्याच्या जागी लाल रेघ, मग भोवती पसरणारी लाली, मग मधला फुगवटा. यातली पसरणारी लाली हिस्टामीन स्वतः पसरल्याने येत नाही. चेतातंतूच्या एका फांदीतून संदेश उलटा दुसऱ्या फांदीत जातो आणि तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. चेतातंतू निकामी झालेल्या त्वचेवर फुगवटा येतो, ती लाली येत नाही.

एच-२ जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पेशींवर आणि हृदयावर असतो. एच-३ मुख्यतः चेतापेशींच्या टोकांवर असतो आणि हिस्टामीन सुटणं आवरतो. नार्कोलेप्सीत (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारात) दिलं जाणारं पिटोलिसंट हाच एच-३ दाबून मेंदूतलं हिस्टामीन वाढवतं आणि रुग्णाला जागं ठेवतं. एच-४ प्रतिकारसंस्थेच्या पेशींवर असतो.

आता सेरोटोनिन. मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी १९४८ मध्ये ते रक्तद्रवातून वेगळं केलं. आतड्यातला तोच पदार्थ व्हित्तोरिओ एर्स्पामेर आधीच अभ्यासत होते. मेंदूत तो बेटी ट्वारॉग यांनी १९५३ मध्ये दाखवला. म्हणजे रक्त आणि आतडं आधी, मेंदू नंतर. साठ्याचं प्रमाणही तसंच आहे. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या एन्टेरोक्रोमॅफिन पेशींत असतं. मेंदूच्या देठात, रॅफे नावाच्या पुंजक्यांतल्या चेतापेशी आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतात. कृती दोन पायऱ्यांची: ट्रिप्टोफॅनपासून ५-एचटीपी आणि त्यापासून सेरोटोनिन. पहिली पायरी संथ आणि वेग ठरवणारी. तिचं एन्झाइम मेंदूत एका जनुकाचं (टीपीएच-२) आणि आतड्यात दुसऱ्याचं (टीपीएच-१). दोन कारखाने पूर्ण वेगळे आणि मध्ये रक्त-मेंदू अडसर. सेरोटोनिन हा अडसर ओलांडत नाही, त्यामुळे आतड्यातलं सेरोटोनिन वाढून मेंदूला काही मिळत नाही.

सेरोटोनिनचे रिसेप्टर सात कुटुंबांत मिळून चौदा. त्यांच्या नावांतलं ५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच. त्यातला ५-एचटी-३ हा एकटा आयनांचं दार आहे आणि मिलिसेकंदांत उघडतो. बाकीचे सगळे पेशीच्या आत जी-प्रथिनांमार्फत काम करतात, ते सावकाश. काम संपल्यावर सर्ट नावाचं वाहक प्रथिन सेरोटोनिन पेशीत परत ओढतं आणि एमएओ-ए हे एन्झाइम त्याचं ५-एचआयएए करतं. तेच लघवीत उतरतं.

प्रश्न विचारा. औषधांच्या तपशिलाची भर इथल्या जाणकारांनी घालावी ही विनंती.

*

दवबिंदू

उत्तम धागा. दोन शंका. जेवणातून ट्रिप्टोफॅन मिळालं तर ते मेंदूत पोचतं ना? मग "ट्रिप्टोफॅनयुक्त आहार" या सल्ल्यात चूक काय? आणि साध्या सर्दीत अ‍ॅलर्जीची गोळी का चालत नाही?

*

त्रिदल

ट्रिप्टोफॅन पोचतं, पण रांगेतून. रक्त-मेंदू अडसरावर त्याला आत नेणारं वाहक प्रथिन ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन, टायरोसीन, फिनाइलअ‍ॅलनीन यांनाही तेच आत नेतं. प्रथिनयुक्त अन्नात ट्रिप्टोफॅन सगळ्यांत कमी असतं आणि हे बाकीचे भरपूर. त्यामुळे प्रथिनं खाल्ली की रक्तातलं ट्रिप्टोफॅन वाढतं, पण स्पर्धक त्याहून जास्त वाढतात आणि मेंदूच्या वाट्याला येणारं प्रमाण वाढत नाही, उलट घटू शकतं. निव्वळ पिष्टमय जेवणानंतर इन्सुलिन स्पर्धकांना स्नायूंत ढकलतं. ट्रिप्टोफॅन बरंचसं अल्ब्युमिनला चिकटलेलं असल्याने मागे राहतं आणि गुणोत्तर थोडं वाढतं. पण जेवणात थोडं जरी प्रथिन आलं तरी हा परिणाम पुसला जातो, आणि रोजच्या जेवणात ते येतंच.

सर्दीचं उत्तर सोपं आहे. विषाणूच्या सर्दीत नाक वाहतं ते मुख्यतः ब्रॅडिकायनिन आणि इतर दाहकारक रेणूंमुळे. हिस्टामीन तिथे फारसं सुटतच नाही, मग त्याचा रिसेप्टर अडवून काय मिळणार? जुन्या गोळ्यांनी नाक थोडं सुकतं, पण ते अ‍ॅसिटिलकोलीनचा रिसेप्टर अडल्यामुळे. ओवी याबद्दल सविस्तर लिहितीलच.

*

ओवी

लिहिते. औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने जे लक्षात ठेवायलाच हवं तेवढंच.

हिस्टामीनविरोधी गोळी हिस्टामीनला नष्ट करत नाही आणि त्याचं सुटणंही थांबवत नाही. एच-१ रिसेप्टर हिस्टामीन नसतानाही थोडा चालू असतो. गोळी त्याला बंद अवस्थेत धरून ठेवते. त्यामुळे एकदा फटी उघडून पाणी झिरपलं की ते गोळीने परत जात नाही, नवीन झिरपणं तेवढं थांबतं. व्यवहारात याचा अर्थ असा, की परागकणांचा हंगाम ठरलेला असेल तर गोळी लक्षणं सुरू होण्याआधी आणि रोज घेतलेली चांगली. शिंका सुरू झाल्यावर अधूनमधून घेतलेली अर्धवट चालते आणि मग "या गोळीचा गुण येत नाही" असा समज होतो.

जुन्या पिढीतल्या क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन, प्रोमेथाझीन, हायड्रॉक्सिझीन या गोळ्या मेदात विरघळतात, मेंदूत शिरतात आणि जागेपणाचं हिस्टामीन अडवतात. म्हणून गुंगी. शिवाय अ‍ॅसिटिलकोलीनचे मस्कारिनिक रिसेप्टरही अडवतात: तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, नजर धूसर, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत लघवी अडकणं, म्हाताऱ्या माणसांत गोंधळलेपण. गुंगी गेली म्हणजे परिणाम गेला असं नसतं. रात्री घेतलेल्या गोळीनंतर सकाळी झोप आल्यासारखी वाटत नाही, तरी प्रतिक्रियेचा वेग मंदावलेला असू शकतो. गाडी चालवणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. सर्दी-खोकल्याच्या मिश्रणांत ही औषधं बहुधा असतात, त्यामुळे वेगळी अ‍ॅलर्जीची गोळी आणि मिश्रण असा दुहेरी डोस नकळत होतो.

नव्या पिढीत सेटिरिझीन १० मिग्रॅ, लोराटाडीन १० मिग्रॅ, फेक्सोफेनाडीन १२० मिग्रॅ (गांधीसाठी १८०), प्रौढांना दिवसातून एकदा. रक्त-मेंदू अडसरावरचे पी-ग्लायकोप्रोटीन पंप यांना बाहेर फेकतात म्हणून गुंगी कमी. पण तिघांत फरक आहे. सेटिरिझीनने काहींना झोप येतेच, फेक्सोफेनाडीनने जवळपास नाही. सेटिरिझीन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, तिथे बिघाड असेल तर डोस निम्मा करावा लागतो. फेक्सोफेनाडीन साध्या पाण्यासोबतच घ्यावं. संत्री, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसातले घटक आतड्यातलं त्याचं वाहक प्रथिन अडवतात आणि औषध कमी शोषलं जातं. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची आम्लविरोधी औषधंही त्याचं शोषण घटवतात, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं.

फेक्सोफेनाडीनमागची हकीकत औषधशास्त्रात शिकवली जाते. आधी टर्फेनाडीन होतं. यकृतातलं सीवायपी-३ए४ एन्झाइम त्याचं पूर्णपणे फेक्सोफेनाडीन करून टाकत असे, त्यामुळे मूळ औषध रक्तात उरतच नसे. सोबत केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की ते एन्झाइम अडे, टर्फेनाडीन साचे, हृदयाचे पोटॅशियम मार्ग अडत आणि जीवघेणी अनियमित धडधड सुरू होई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारातून काढलं गेलं आणि त्याचंच निर्धोक रूप औषध म्हणून राहिलं.

सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या गांधीत नव्या गोळीचा नेहमीचा डोस पुरत नसेल तर डॉक्टर तो चौपटीपर्यंत वाढवतात. त्यानेही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅब (आयजीईला अडवणारं इंजेक्शन). हा निर्णय डॉक्टरांचाच, आपल्या मनाने चार गोळ्या घेऊ नयेत. पण डॉक्टरांनी चौपट लिहिली म्हणून चिठ्ठी चुकली असंही समजू नये.

*

पिंपळपान

प्रवासात गाडी लागणं आणि केमोथेरपीतली उलटी यांना वेगळी औषधं का, यावरही कोणी लिहावं. ऑन्डान्सेट्रॉन हे "उलटीचं औषध" म्हणून सरसकट दिलं जातं आणि गाडी लागण्यात त्याचा उपयोग होत नाही.

*

ओवी

मुद्दा बरोबर आहे, आणि इथेच दोन्ही रेणू शेजारी येतात.

गाडी लागते तेव्हा आतल्या कानाचा तोल सांगणारा संदेश आणि डोळ्यांचा संदेश जुळत नाहीत. हा घोळ मेंदूतल्या ज्या जोडण्यांमधून उलटीच्या केंद्राकडे जातो तिथे हिस्टामीन (एच-१) आणि अ‍ॅसिटिलकोलीन असतं. म्हणून इथे प्रोमेथाझीन, मेक्लिझीन, स्कोपोलामीन. औषध मेंदूत शिरायलाच हवं, म्हणून सेटिरिझीन घेऊन गाडी लागायची थांबत नाही. गोळी प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर जठर रिकामं व्हायचं थांबलेलं असतं, गोळी तिथेच पडून राहते.

सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध आतड्यातल्या एन्टेरोक्रोमॅफिन पेशींना इजा करतं आणि त्या भसाभस सेरोटोनिन सोडतात. ते व्हेगस चेतेच्या (पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या) टोकांवरच्या ५-एचटी-३ वर बसतं आणि उलटी. ऑन्डान्सेट्रॉन नेमका हाच रिसेप्टर अडवतं, म्हणून ते केमोच्या साधारण अर्धा तास आधी देतात. पण ही कथा पहिल्या २४ तासांची. दुसऱ्या दिवसापासून येणारी उलटी सबस्टन्स-पी या वेगळ्या रेणूची असते, तिला अ‍ॅप्रेपिटंट आणि डेक्सामेथासोन लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑन्डान्सेट्रॉन वाढवत नेलं तर हाती बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी येते, आणि ईसीजीतला क्यूटी कालावधीही लांबतो, म्हणजे हृदयाची धडधड अनियमित होण्याचा धोका.

*

निशिगंध

आणीबाणी विभागातल्या कामाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळक लिहायला हवी. अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये (सगळ्या अंगाला एकदम ग्रासणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेत) हिस्टामीनविरोधी औषध जीव वाचवत नाही. अ‍ॅड्रेनलिन वाचवतं.

कारण त्रिदल यांनी लिहिलंच आहे. तोपर्यंत मास्ट पेशींनी हिस्टामीनखेरीज ल्यूकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन आणि इतर कैक रेणू सोडलेले असतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि दहा मिनिटांत रक्तातल्या द्रवाचा तिसरा हिस्सासुद्धा ऊतींत झिरपू शकतो. एच-१ अडवून यातलं फारच थोडं थांबतं. अ‍ॅड्रेनलिन अल्फा-१ रिसेप्टरवर बसून रक्तवाहिन्या आवळतं, बीटा-१ वर बसून हृदयाचा जोर वाढवतं, बीटा-२ वर बसून श्वासनलिका उघडतं आणि त्याच बीटा-२ मार्गाने मास्ट पेशींचं आणखी कणिका सोडणंही आवरतं.

मात्रा: १ मिलिलिटरमध्ये १ मिग्रॅ असलेलं द्रावण, प्रौढाला ०.५ मिली. मुलाला वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिग्रॅ, कमाल ०.५ मिग्रॅ. जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा मधला भाग, स्नायूत. दंडात किंवा त्वचेखाली दिलं तर शोषायला वेळ लागतो, कारण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या ते स्वतःच आवळतं. सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. सोबत शिरेतून सलाइन. रुग्ण बीटा-ब्लॉकरवर असेल आणि अ‍ॅड्रेनलिनला दाद देत नसेल तर ग्लुकॅगॉन.

आडवं झोपवा, पाय वर. दम लागत असेल तर पाठ टेकवून बसवा, पण पाय लांबच राहू द्या. एकदम उभं करू नका, चालवत नेऊ नका. उभं राहिलं की हृदयाकडे परतणारं रक्त आटतं आणि बरा दिसणारा माणूस तिथेच कोसळतो. बरं वाटल्यावरही निरीक्षणाखाली ठेवतात, कारण काही जणांत काही तासांनी लक्षणं परत उसळतात.

त्वचेवर गांधी नाही म्हणून अ‍ॅनाफायलॅक्सिस नाही, असं धरू नये. काही रुग्णांत त्वचा स्वच्छ असते आणि फक्त रक्तदाब पडतो किंवा श्वास अडतो.

एक वेगळी गोष्ट. मॉर्फीन, व्हॅन्कोमायसिन हे जीवाणूविरोधी औषध, काही कॉन्ट्रास्ट रंगद्रव्यं आयजीईशिवाय थेट मास्ट पेशी उघडू शकतात. व्हॅन्कोमायसिन भराभर दिलं की मान-चेहरा-छाती लालबुंद होते. म्हणून १ ग्रॅम किमान १०० मिनिटांत, मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा जास्त नाही. लाली आली तर आधी वेग कमी करायचा. हे फार वेळा "व्हॅन्कोमायसिनची अ‍ॅलर्जी" म्हणून कागदावर कायमचं नोंदलं जातं आणि पुढे गरजेच्या वेळी रुग्णाला ते औषध मिळत नाही.

*

कणाद

प्रयोगशाळेच्या बाजूने.

अ‍ॅनाफायलॅक्सिस होता की नाही हे नंतर तपासायला हिस्टामीन मोजून उपयोग नसतो. रक्तात ते पाच-दहा मिनिटांत शिखर गाठतं आणि तासाभरात ओसरतं, रुग्ण तोवर रुग्णालयात पोचलेलाही नसतो. त्याऐवजी मास्ट पेशींतलंच ट्रिप्टेझ हे एन्झाइम मोजतात. नमुना लक्षणं सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत, उशिरात उशिरा चार तासांपर्यंत. दुसरा नमुना २४ तास उलटल्यावर, पूर्ण बरं असताना. पहिला आकडा दुसऱ्याच्या १.२ पट अधिक २ पेक्षा जास्त असेल तर मास्ट पेशी उघडल्या होत्या. नुसता एक नमुना घेतला आणि तो "नॉर्मल" मर्यादेत आला म्हणून निकाल नकारात्मक धरणं ही नेहमीची चूक. ज्याचा मूळचा आकडा ३ आहे त्याचा ९ होणं ही मोठी वाढ आहे, जरी छापील मर्यादा ११.४ असली तरी.

त्वचेवरच्या टोच-चाचणीत एक थेंब हिस्टामीनचा आणि एक नुसत्या सलाइनचा ठेवतात. १५-२० मिनिटांनी फुगवटा मोजतात. सलाइनपेक्षा ३ मिमी किंवा अधिक असेल तर होकारार्थी. हिस्टामीनच्या जागी फुगवटा आलाच नाही तर अख्खी चाचणी बाद, रुग्णाच्या अंगात अजून गोळीचा अंमल आहे. म्हणून आधी काही दिवस (बहुधा तीन ते सात) गोळ्या बंद. मिर्टाझापीन, अमिट्रिप्टिलीन ही नैराश्याची औषधंही एच-१ अडवतात हे विचारायचं राहून जातं. पण ती परस्पर बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं.

आता "सेरोटोनिनची रक्तचाचणी". नैराश्यासाठी ही करू नका. रक्तातलं जवळपास सगळं सेरोटोनिन प्लेटलेटमध्ये असतं. प्लेटलेट ते बनवत नाहीत, आतड्यातून आलेलं सर्टने आत ओढतात. एसएसआरआय (नैराश्याच्या नेहमीच्या) गोळ्या सर्टच अडवतात. म्हणजे गोळी नीट चालू असलेल्या माणसाच्या रक्तातलं सेरोटोनिन काही आठवड्यांत खूप घटतं. ही चाचणी वाचून कोणी "अजूनही कमी आहे, डोस वाढवा" म्हणू लागला तर ते उलटंच होईल.

सेरोटोनिनशी संबंधित खरी उपयोगी चाचणी म्हणजे २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए, कार्सिनॉइड (सेरोटोनिन सोडणाऱ्या) गाठींसाठी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग पुढच्या २४ तासांतली सगळी गोळा करायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. डबा आम्ल घातलेला, थंड आणि उजेडापासून दूर. आधी तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, किवी, अ‍ॅव्होकॅडो बंद. यांत मुळातच सेरोटोनिन असतं आणि आकडा खोटा वाढतो. एकच लघवी चुकून टाकली तर आकडा खोटा उतरतो. ती चूक जास्त घातक, कारण गाठ निसटते.

*

त्रिदल

कार्सिनॉइड आलंच आहे तर ते मूळ मुद्द्याला धरून आहे. लहान आतड्यात सेरोटोनिन सोडणारी गाठ असते, पण बहुतेक वेळा लक्षणं येतात ती गाठ यकृतात पसरल्यावर. का? आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे सेरोटोनिन मोडलं जातं. यकृतातली गाठ मात्र थेट मुख्य रक्तप्रवाहात सोडते. मग जुलाब, चेहऱ्याची लाली आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होणं. डावी बाजू बहुधा वाचते, कारण मध्ये फुप्फुसं येतात आणि तिथलं एमएओ उरलेलं सेरोटोनिन संपवतं. एरवी आहारातल्या ट्रिप्टोफॅनचा जेमतेम एक टक्का सेरोटोनिनकडे जातो. इथे गाठ त्याचा मोठा भाग खाते, नायसिन बनवायला ट्रिप्टोफॅन उरत नाही आणि काहींना पेलाग्रासारखे (नायसिनच्या कमतरतेच्या आजारासारखे) त्वचेचे चट्टे येतात.

झडपांवरचा हा परिणाम ५-एचटी-२बी रिसेप्टरचा. फेनफ्ल्युरामीन हे भूक मारणारं औषध वजन घटवण्यासाठी सर्रास वापरलं जाई, ते १९९७ मध्ये याच कारणाने मागे घ्यावं लागलं. आता नवीन सेरोटोनिनजन्य औषध तपासताना ते २बी ला चिकटतं का हे आधी पाहतात.

*

दवबिंदू

मग नैराश्याचं काय? सर्ट तर पहिल्या गोळीपासून अडतं, गुण यायला आठवडे का? आणि २०२२ मध्ये "नैराश्यात सेरोटोनिन कमी असल्याचा पुरावा नाही" असा आढावा आला होता. म्हणजे गोळ्या निरुपयोगी असा अर्थ घ्यायचा का?

*

त्रिदल

नाही, तसा अर्थ निघत नाही.

जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांच्या त्या आढाव्याने "सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येतं" या साध्या मांडणीला सुसंगत पुरावा सापडत नाही असं म्हटलं. ते मला पटतं, आणि ती मांडणी लोकांना इतकी वर्षं सांगितली गेली हे वाईट झालं. पण गोळीचा गुण येतो की नाही हा प्रश्न गोळी आणि नकली गोळी यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांनी सुटतो. त्यांत सरासरी फायदा दिसतो. तो माफक आहे आणि तीव्र नैराश्यात त्याचा उपयोग अधिक जाणवतो. ताप पॅरासिटामॉलने उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येतो असं कोणी म्हणत नाही.

आठवड्यांचं कारण. सर्ट अडलं की रॅफेतल्या चेतापेशींच्या स्वतःच्या अंगावरही सेरोटोनिन वाढतं. तिथे ५-एचटी-१ए हे स्वतःला आवरणारे रिसेप्टर आहेत. ते पेशीला गप्प करतात, म्हणून सुरुवातीला टोकांकडे वाढ फारशी होत नाही. दोन-तीन आठवड्यांत हे रिसेप्टर बोथट होतात आणि पेशी पुन्हा नेहमीच्या वेगाने चालू लागते. त्यापुढे चेतापेशींच्या जोडण्यांत संथ बदल होतात. मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून, कारण आतड्यातल्या ५-एचटी-३ ला वाट पाहावी लागत नाही. ती बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत ओसरते. दुष्परिणाम आधी आणि गुण नंतर हा क्रम आधीच सांगितला नाही तर रुग्ण दहाव्या दिवशी गोळी सोडतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः २५ वर्षांखालच्यांत, अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढताहेत का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं आणि तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

*

ओवी

यात प्लेटलेटची बाजू जोडते. प्लेटलेट सेरोटोनिनने रिकाम्या झाल्या की गुठळी बांधायची ताकद थोडी कमी होते. एसएसआरआयसोबत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा वॉरफेरिन असेल तर जठरातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालत असेल तर ते बरं. वृद्धांत सोडियम उतरतं, विशेषतः सोबत थायझाइड (लघवी वाढवणारी) गोळी असेल तर. पहिल्या महिन्यात गळून जाणं किंवा बरळणं दिसलं तर सोडियम तपासावं.

*

पिंपळपान

आम्लपित्ताच्या एच-२ गोळ्यांचा विषय राहिला. फॅमोटिडीन सुरुवातीला छान चालतं आणि पंधरा दिवसांत गुण कमी होतो, तो का?

*

ओवी

आम्ल सोडणाऱ्या पेशीला तीन हुकूम येतात: हिस्टामीन (एच-२), गॅस्ट्रिन आणि व्हेगसचं अ‍ॅसिटिलकोलीन. गॅस्ट्रिनही बरंचसं काम ईसीएल पेशींतून हिस्टामीन सोडवूनच करतं, म्हणून एच-२ अडवलं की आम्ल चांगलंच घटतं, विशेषतः रात्रीचं. जेम्स ब्लॅक यांच्या गटाने यातूनच सिमेटिडीन काढलं. पण आम्ल घटलं की गॅस्ट्रिन वाढतं, ईसीएल पेशी जास्त हिस्टामीन सोडतात आणि एक-दोन आठवड्यांत औषधाला तोंड देतात. म्हणून या गोळ्या अधूनमधून, गरजेपुरत्या चांगल्या.

ओमेप्राझोल गट पंपच कायमचा बंद करतो, हुकूम कोणाचाही असो. पण तो फक्त चालू पंपाला चिकटतो, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. जेवण झाल्यावर किंवा झोपताना घेऊन "गुण नाही" म्हणणारे पुष्कळ.

*

निशिगंध

सेरोटोनिन सिंड्रोमवर (सेरोटोनिनचा अतिरेक झाल्याने येणाऱ्या आजारावर) लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

धोका मुख्यतः दोन औषधं एकत्र आली की. सर्ट अडवणारं एक (एसएसआरआय, व्हेन्लाफॅक्सीन, ट्रॅमाडॉल, पेथिडीन, डेक्स्ट्रोमेथॉर्फान) आणि एमएओ अडवणारं दुसरं. गोची अशी, की लिनेझोलिड हे जीवाणूविरोधी औषध आणि मिथिलीन ब्ल्यू हे दोन्ही एमएओ अडवतात आणि ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात मानसोपचार नसतो. ट्रिप्टान गटाबद्दलची (अर्धशिशीच्या औषधांबद्दलची) भीती मात्र अवाजवी वाटते. ते ५-एचटी-१बी आणि १डी वर काम करतात, हा आजार प्रामुख्याने ५-एचटी-२ए चा.

लक्षणं तासांत येतात, बहुतेक २४ तासांच्या आत. घाम, थरथर, बेचैनी, जुलाब, मोठ्या बाहुल्या. ओळखीची खूण पायात: घोटा झटकन वर वळवला की पाऊल आपोआप ठेका धरतं, गुडघ्याचा झटका जोरात येतो. हातांपेक्षा पायांत हे जास्त. अँटिसायकोटिक औषधांनी येणारा आजार (एनएमएस) दिवसांत चढतो, त्यात स्नायू नळीसारखे कडक आणि झटके मंद. जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांच्या विषबाधेतही बाहुल्या मोठ्या, पण त्वचा कोरडी आणि आतडं गप्प.

उपचार: सगळी सेरोटोनिनजन्य औषधं बंद, बेन्झोडायझेपिन (शांत करणारं औषध), शिरेतून द्रव, अंग गार करणं. पॅरासिटामॉल निरुपयोगी, कारण ताप स्नायूंच्या हालचालीचा आहे, मेंदूतल्या तापमान-केंद्राचा नाही. ४१ अंशांच्या वर गेला तर भूल देऊन, स्नायू शिथिल करून व्हेंटिलेटर. आणि सायप्रोहेप्टाडीन: आधी १२ मिग्रॅ, मग प्रतिसाद येईपर्यंत दर दोन तासांनी २ मिग्रॅ. हे मुळात अ‍ॅलर्जीचं जुनं औषध, एच-१ अडवणारं, पण ते ५-एचटी-२ए ही अडवतं. फक्त तोंडाने किंवा नळीतूनच देता येतं.

*

दवबिंदू

एसएसआरआय बंद केल्यावर किती दिवसांनी एमएओ अडवणारं औषध सुरक्षित?

*

ओवी

बहुतेकांना दोन आठवडे. फ्लुऑक्सेटीनला पाच, कारण त्याचं शरीरात बनणारं सक्रिय रूप नॉरफ्लुऑक्सेटीन एक ते दोन आठवडे अर्धायुष्य राखतं. लिनेझोलिड तातडीने लागलं आणि थांबायला वेळ नसला तर एसएसआरआय थांबवून, रुग्णाला दोन आठवडे (फ्लुऑक्सेटीन असेल तर पाच) किंवा लिनेझोलिडच्या शेवटच्या डोसनंतर २४ तास, यातलं जे आधी येईल तोवर निरीक्षणाखाली ठेवून ते देतात.

फ्लुऑक्सेटीनच्या याच लांब मुक्कामाचा फायदाही आहे. ते थांबवताना चक्कर, विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड हे त्रास कमी होतात. पॅरॉक्सेटीन सुमारे एका दिवसात निम्मं होतं, तिथे हे त्रास सगळ्यांत जास्त, म्हणून डोस हळूहळू उतरवावा लागतो आणि शेवटचे टप्पे सगळ्यांत लहान ठेवावे लागतात. सर्टवरचा अंमल डोसच्या सरळ प्रमाणात उतरत नाही. २० वरून १० वर आल्याने जेवढा फरक पडतो त्याहून बराच मोठा फरक ५ वरून शून्यावर आल्याने पडतो.